पिशवीला सूज आली म्हणजे पिशवी काढायचीच का?



आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका ताईने पंचवीस हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर खाली बघत म्हणाली, "पिशवीला सूज आलीय. डॉक्टर म्हणाले काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." वय एकतीस, दोन लेकरं. तिचं ऐकून कुणी दचकलं नाही. उलट दोघी म्हणाल्या, "आमचीपण काढलीय." तेव्हा कर्जाचं नंतर बघू म्हटलं आणि ही सूज म्हणजे काय, ते आधी समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

गर्भाशयाला आतून मऊ अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं आणि दिवस राहिले नाहीत तर पाळीवाटे बाहेर पडतं. या अस्तरात जंतू शिरले की ते सुजतं. एरवी पिशवीचं तोंड मिटलेलं असतं, त्यामुळे जंतू सहसा वर चढत नाहीत. ते उघडतं तेव्हा धोका वाढतो.

सगळ्यात मोठं कारण बाळंतपण. कळा फार लांबल्या, पाणमोट फुटून बराच वेळ गेला, आतून वारंवार तपासणी झाली किंवा वारेचा तुकडा आत राहिला, तर जंतू वाढतात. साध्या बाळंतपणापेक्षा सिझरनंतर हा त्रास जास्त होतो. दुसरं कारण चोरून, अडाणी हातांनी केलेला गर्भपात. तिसरं, नवऱ्याकडून येणारा गुप्तरोग. चौथं, पिशवीचा टीबी. यात कधी कधी खोकला नसतो, ताप नसतो, फक्त मूल राहत नाही. तांबी बसवल्यावर पहिले तीन आठवडे थोडा धोका असतो, नंतर तो फार कमी होतो. म्हणून तांबीला घाबरू नका.

स्वच्छ हातांचं मोल किती, ते ऐका. 1847 साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉक्टर सेमेलवाइस यांनी पाहिलं, की प्रेतं तपासून आलेले डॉक्टर तसेच बाळंतिणींना हात लावतात. त्यांनी सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले.

लक्षणं अशी: ओटीपोटात दुखणं, ताप, अंगावरून घाण वासाचं जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त दिसणं, संबंधाच्या वेळी दुखणं. थोडं पांढरं पाणी जाणं हा मात्र आजार नव्हे. बाळंतिणीला 100.4 च्या वर ताप, थंडी वाजणं, घाण वास किंवा जास्त रक्त जाणं यातलं काहीही दिसलं, तर सकाळची वाट पाहू नका, 108 ला फोन करा. हे विष रक्तात पसरलं तर जीव जातो. आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येते ती बाळाला बघायला तशी तुम्हालाही. तिच्यापासून काही लपवू नका. सरकारी दवाखान्यात या बेचाळीस दिवसांतले उपचार मोफत आहेत.

आता उपचार. जंतूंची सूज ॲन्टिबायोटिकने बरी होते. बाळंतिणीला दवाखान्यात ठेवून शिरेतून औषध देतात. इतरांना बहुधा चौदा दिवसांच्या गोळ्या असतात. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या, की आजार उलटतो. वारेचा तुकडा राहिला असेल तर तो काढावा लागतो. गुप्तरोग असेल तर नवऱ्यानेही औषध घ्यायचं आणि दोघं बरे होईपर्यंत संबंध टाळायचे. टीबी असेल तर निदान सहा महिने औषध, तेही सरकारी दवाखान्यात फुकट. शेकाने बरं वाटतं, पण जंतू मरत नाहीत. आत पाणी मारणं, पाला किंवा औषधी ठेवणं यानेही जंतू वर ढकलले जातात.

म्हणजे सूज आली म्हणून पिशवी काढायची नसते. सोनोग्राफीत 'बल्की' लिहिलेलं असतं तेही नेहमी दुखणं नसतं, बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी थोडी मोठी असू शकते. सूज म्हणजे कॅन्सर नव्हे, त्याची तपासणी वेगळी असते. काही आजारांत पिशवी काढावी लागते, हे खरं. पण सोबत अंडाशयही काढले, तर तरुणपणीच पाळी जाते, अंगाची आग होते, हाडं ठिसूळ होतात. बीडच्या ऊसतोड बायकांमध्ये अशी ऑपरेशनं इतकी झाली, की 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

आमच्या त्या ताईला आम्ही सरकारी रुग्णालयात नेलं. तपासणी झाली, नवरा-बायको दोघांना गोळ्या मिळाल्या. नवऱ्याला तयार करायला मात्र तीन खेपा घालाव्या लागल्या. आज तिची पिशवी शाबूत आहे आणि ती रोज कामावर जाते.

तेव्हापासून आमच्या गटात एक नियम केलाय. पिशवीच्या ऑपरेशनसाठी कुणी कर्ज मागितलं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्यायचा आणि सोबत गटातली एक बाई जाणार. डॉक्टरला तीन गोष्टी विचारायच्या: नेमका आजार कोणता? औषधाने बरा होईल का? अंडाशय ठेवणार की काढणार? तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत हा विषय काढा.