रक्तविलयी मूत्रविषरक्तता आणि बालकाचे हृदय

लहान मुलास रक्तमिश्रित जुलाब होतात, आठवडाभरात ते थांबू लागतात आणि घरच्या माणसांना हायसे वाटते. परंतु काही मुलांच्या बाबतीत याच सुमारास चेहरा फिकट पडतो, पापण्या सुजतात व लघवी जवळजवळ बंद होते. या विकारास रक्तविलयी मूत्रविषरक्तता असे म्हणतात. स्वित्झर्लंडमधील कॉनराड गासर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1955 मध्ये पाच मुलांच्या निरीक्षणांवरून त्याचे वर्णन केले. दक्षिण भारतातील मुलांत शिगेला जंतूंच्या आमांशानंतर तो उद्भवतो, ही गोष्ट वेल्लोर येथील डॉक्टरांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केली.

जंतूंच्या विषाने सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा होते. तेथे बिंबाणू जमून बारीक गुठळ्या बनतात. त्यांतून वाट काढताना तांबड्या पेशी फुटतात. मूत्रपिंडाची हानी सर्वांत ठळक असल्यामुळे हृदयाकडे लक्ष उशिरा जाण्याचा संभव असतो.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. अशा भट्टीची भिंत वाहत्या पाण्याने थंड ठेवावी लागते व ते पाणी पंपाने खेळविले जाते. हृदय हाही पंपच होय. मात्र कारखान्यातील पंप त्या पाण्यावर जगत नाही, हृदय मात्र स्वतः ढकललेल्या रक्तावरच जगते. त्याच्या स्नायूतील सूक्ष्म वाहिन्या बुजल्या की स्नायू उपाशी पडतो व आकुंचन दुबळे होते. हे क्वचितच घडते, पण घडले तर प्राणावर बेतते.

याहून अधिक वेळा हृदयास त्रास होतो तो मूत्रपिंड थांबल्यामुळे. पाणी व मीठ शरीरात साचते, रक्तदाब वाढतो, फुप्फुसांत द्रव उतरतो. पोटॅशियम वाढल्यास हृदयाचा ताल अकस्मात बिघडू शकतो. कधी हृदयाभोवतीच्या आवरणात द्रव साठून त्यास बाहेरून दाबून धरतो.

येथे चिकित्सकाची खरी कसोटी लागते. जुलाबाने सुकलेल्या मुलास पाणी देणे अत्यावश्यक असते. पण लघवी थांबल्यावर तेच पाणी हृदयावर ओझे होते. फिकट मुलास रक्त द्यावे, तर तेही सावकाश व बेताने. म्हणून रोजचे वजन, लघवीचे मोजमाप व रक्तदाब या साध्या नोंदींचे मोल आमच्या मते कोणत्याही किमती यंत्राहून कमी नाही. त्यांच्या जोडीला हृदयाच्या विद्युत्‌लहरींचा आलेख, ध्वनिलहरींची तपासणी आणि हृदयस्नायूच्या इजेने रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिनचे मापन उपयोगी पडते. मूत्रपिंड चालू होईपर्यंत डायलिसिसने पाणी व पोटॅशियम काढता येते. लहान मुलांत ते उदरपोकळीत द्रव सोडूनही करतात.

भारतातील अनेक मुलांत जुलाबाचा संबंध नसतो. त्यांच्या शरीरात ‘घटक एच’ या संरक्षक प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली आढळतात. अशा वेळी रक्तद्रव बदलण्याचा उपचार लवकर सुरू करावा लागतो, आणि मूल घरी गेल्यावरही त्याचा रक्तदाब वर्षानुवर्षे तपासत राहावे लागते.