कानाचाही हिशेब ठेवा!

पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांतून पोरांचे कान फुटू लागतात. आई कोमट तेल सोडते, कापसाचा बोळा घालते आणि ‘मोठा झाला की थांबेल’ म्हणून गप्प बसते. तिकडे शाळेत पोर मागच्या बाकावर जाते, ‘मठ्ठ’ ठरते. पोर मठ्ठ नसते. त्याला ऐकूच येत नसते. मुलांमधील बहिरेपणापैकी सुमारे ६० टक्के टाळता येण्याजोगा असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दोष नशिबाचा नाही, दुर्लक्षाचा आहे.

अशा वेळी गाठायचा तो कान-नाक-घशाचा डॉक्टर. साडेचार वर्षे एम.बी.बी.एस., १ वर्ष इंटर्नशिप आणि पुढे एम.एस.ची ३ वर्षे, तेव्हा तो घडतो. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे, कराडचे कृष्णा १९८४ पासून. साताऱ्यातही आता शासकीय महाविद्यालय झाले आहे. पदवी मिळाली म्हणजे शिक्षण संपले असेही नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करताना शिकत राहिल्याचे गुण दाखवावे लागतात.

पण काम चांगले झाले की नाही, हे आपण कसे ओळखावे? जमाखर्चात आरंभीची आणि अखेरची शिल्लक पाहतात, तसेच. ऐकण्याची मशीनवर तपासणी होते, तिच्या आलेखाला ऑडिओग्राम म्हणतात. त्यात आकडा जितका मोठा, तितके ऐकू कमी. समजा, पडद्याच्या ऑपरेशनआधी आकडा ४५ होता आणि नंतर २५ झाला, तर २० डेसिबल कमावले. पडदा धरला का, कान कोरडा राहिला का आणि आकडा उतरला का, हे ३ प्रश्न नम्रपणे विचारा. चांगल्या डॉक्टरला त्यांचा राग येत नाही. दोन्ही आलेख केसपेपरसोबत जपून ठेवा.

तरी सारे ऑपरेशनने सुटत नाही. विट्याच्या यंत्रमागावर वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्या कामगाराची कानाची नस आवाजाने एकदा निकामी झाली की ती परत येत नाही. तिथे डॉक्टरांनी दवाखान्याबाहेर येऊन मालकाला आणि सरकारला सांगावे लागते. २००७ साली सुरू झालेल्या बहिरेपणा प्रतिबंधाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा रोख हाच आहे : तज्ज्ञांनी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना, आशा आणि अंगणवाडी सेविकांना शिकवायचे, म्हणजे दोष वेळेवर सापडतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, आपणही विचारूया : आपल्या सरकारी दवाखान्यात कानाची मशीन आहे का? ती चालवायला माणूस आहे का? अंगणवाडीत मुलांचे कान शेवटचे कधी तपासले? ग्रामसभेत, वॉर्डाच्या बैठकीत हे प्रश्न मांडा. आणि आज घरी गेल्यावर पोराच्या पाठीमागे उभे राहून हळूच हाक मारा. त्याने वळून पाहिले नाही, तर त्याला मारू नका, दवाखान्यात न्या.