बंधारा जमीन राखतो, पुळण नाही

पावसाळ्यात उधाण आलं आणि माड आडवे झाले की कोकणातल्या किनाऱ्यावरच्या गावांची मागणी एकच असते : धूपप्रतिबंधक बंधारा बांधून द्या. डोळ्यांदेखत बाग समुद्रात जात असेल तर माणूस दुसरं काय मागणार? मागणी रास्तच आहे. पण किनारा राखण्याच्या उपायांबद्दल काही गैरसमज इतके मुरलेले आहेत, की पैसा खर्च होतो, दगड पडतात आणि धूप मात्र शेजारच्या वाडीत सरकते.

‘बंधारा झाला की किनारा वाचला’

बंधारा मागची जमीन, रस्ता आणि घरं राखतो. पुढची पुळण राखणं हे त्याचं कामच नव्हे. पुष्कळदा तो तिचं नुकसान करतो. उतरत्या पुळणीवर लाट चढत जाते, काही पाणी वाळूत मुरतं आणि तिचा जोर वाटेतच संपतो. तीच लाट भिंतीवर आदळली की उलटी फिरते आणि जाताना पायथ्याची वाळू उपसून नेते. पायथ्याशी पाणी खोल झालं की पुढची लाट आणखी मोठी येते. काही पावसाळ्यांत भरतीला चालायलाही पुळण उरत नाही, होड्या ओढून ठेवायला जागा राहत नाही. बंधारा जिथे संपतो त्या टोकाशी तर जमीन आधीपेक्षा वेगाने कापली जाते. ‘त्यांच्याकडे बंधारा झाला आणि आमचे माड जायला लागले’ ही तक्रार म्हणूनच हसण्यावारी नेऊ नये.

बंधारा बांधणं म्हणजे डंपरने दगड ओतणं, हाही गैरसमजच. नीट बांधलेल्या बंधाऱ्यात वाळूवर आधी गाळणीचा थर असतो, म्हणजे खास कापड किंवा बारीक खडी. त्यावर मध्यम दगड आणि सगळ्यात वर भारी दगड. गाळणी नसेल तर प्रत्येक लाटेसरशी दगडांच्या फटींतून वाळू निसटते आणि बंधारा आतून पोकळ होऊन बसतो. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा जुना दगडी बंधारा किती वेळा ढासळला, हे तिथल्या लोकांना वेगळं सांगायला नको. शिवाय वजनाचं गणित फार कडक आहे. लाटेची उंची दुप्पट झाली तर, दगडाची जात आणि बंधाऱ्याचा उतार तोच ठेवून, दगड आठपट वजनाचा लागतो. जिथे एक टनाचा दगड टिकला असता, तिथे आठ टनांचा हवा. हलका, सच्छिद्र जांभा इथे चालत नाही.

एवढे मोठे दगड मिळेनात म्हणूनच टेट्रापॉड आले. १९५० मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोब्लच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचा हा चार पायांचा ठोकळा तयार झाला. तो लाट अडवतो असं वाटतं. खरं तर तो तिला फटींतून जाऊ देतो आणि त्या ओढाताणीत तिचा जोर मोडतो. मुंबईत किनारी रस्त्याच्या कामासाठी मरीन ड्राइव्हवरचे काही टेट्रापॉड हलवले होते, तेव्हा २०२२ च्या पावसाळ्यात भरतीच्या वेळी इमारतींना हादरे बसत असल्याची तक्रार रहिवाशांनी केली. भिंतीवरचा मार टेट्रापॉड नक्की कमी करतात, पण गेलेली वाळू आणून देत नाहीत.

‘पावसाळ्यात वाळू गेली, म्हणजे किनारा गेला’

दरवेळी नाही. पावसाळी लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा उंचवटा करतात. लाटा मोठ्या झाल्या की त्या उंचवट्यावरच फुटतात, म्हणजे ती वाळू तिथेही किनाराच राखत असते. पावसाळा सरला की शांत लाटा तिला हळूहळू परत आणतात. ऑगस्टमधला खचलेला किनारा पाहून आराखडा ठरवू नये. काही वर्षं मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करावी, तेव्हा खरी धूप किती ते कळतं.

‘समुद्राची पातळीच वाढतेय, त्याला कोण काय करणार?’

पातळी वाढतेय हे खरंच. उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ पासून वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटर वाढते आहे. त्याआधीच्या शतकभरात हा वेग वर्षाला एक ते पावणेदोन मिलिमीटर होता. पण एका पावसाळ्यात बागेची आख्खी ओळ जाते त्याचं कारण एवढंच नाही. नदीची वाळू धरणांत अडकते, खाडीतली उपसली जाते, जेट्टी आणि लाटारोधक भिंती उरलेल्या वाळूची वाट अडवतात.

पुदुच्चेरीत हे स्वच्छ दिसलं. पूर्व किनाऱ्यावर वर्षाच्या हिशेबात वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. १९८० च्या दशकात शहराच्या दक्षिणेला बंदरासाठी लाटारोधक भिंती बांधल्या, वाळू तिथेच अडली आणि शहरापुढची पुळण नाहीशी झाली. मग दगड रचले, तर धूप उत्तरेच्या मच्छीमार गावांकडे गेली. अलीकडे चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या आराखड्यानुसार पाण्याखाली पाचरीच्या आकाराचा पोलादी अडथळा बसवला आणि शहरापुढे पुन्हा वाळू साठली. कोकणात डोंगरांच्या दोन सोंडांमध्ये छोट्या पुळणी आहेत. तिथली वाळू बरीचशी त्याच खाचेत फिरते, म्हणून ती गेली की बाहेरून भरून येण्याची आशा कमी.

‘झाडं लावा, धूप थांबेल’

कुठे काय लावता, यावर सगळं आहे. सुरूचं बन वारा अडवतं, उडती वाळू धरतं. पण लाटेने मुळांखालची वाळू काढली की भलाथोरला सुरूही उन्मळतो. पुळणीच्या टेकाडांवर वाळू धरून ठेवण्याचं काम मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा करतात, आणि नेमक्या त्याच आपण साफसफाईच्या नावाखाली उपटतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण हा फुकटचा बंधारा आहे. खारफुटी खाडीचा काठ उत्तम राखते, पण तिला चिखल आणि शांत पाणी लागतं. उघड्या पुळणीवर तिची रोपं टिकत नाहीत.

‘वाळू टाकणं म्हणजे पैसे पाण्यात’

नेदरलँड्स १९९० पासून मुख्यतः याच मार्गाने आपला वाळूचा किनारा राखतो आहे. २०११ मध्ये तर त्यांनी एकाच जागी सुमारे २.१५ कोटी घनमीटर वाळू टाकली आणि लाटा-वाऱ्यांना ती शेजारच्या किनाऱ्यावर पसरू दिली. ठरावीक वर्षांनी पुन्हा भर घालावी लागते, आणि दाणा मूळ वाळूइतका किंवा जाड हवा. बारीक वाळू टिकत नाही.

घर पाण्यापासून दहा पावलांवर आलं असेल तर बंधारा लागेलच, आणि तो भक्कमच हवा. मात्र प्रस्ताव ग्रामसभेपुढे आला की नकाशावर बंधाऱ्याचं टोक कुठे येतंय आणि त्यापलीकडे कोणाची वाडी आहे ते पाहावं. गाळणीचा थर अंदाजपत्रकात आहे का, दरवर्षीच्या डागडुजीची तरतूद कोणी केली, हेही विचारावं. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात किनाऱ्यांच्या प्रतिकृती करून लाटांचा अभ्यास होतो. आपल्या किनाऱ्याचा असा अभ्यास झाला असेल, तर त्याचा अहवाल काम सुरू होण्याआधी मागून घ्यावा.