पोलिसांचा प्रश्न आणि आरोपीचे मौन

कायद्याचा नियम समजून घ्यावयाचा तर त्याचा अपवादही पाहावा लागतो. अमेरिकेतील असा एक अपवाद वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

१९६६ साली ‘मिरांडा विरुद्ध ॲरिझोना’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांवर एक बंधन घातले. अटकेतील माणसाला प्रश्न विचारण्यापूर्वी त्याला समज द्यावयास हवी : तुला गप्प राहण्याचा हक्क आहे, बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरता येईल, तुला वकील घेता येईल आणि ऐपत नसल्यास तो नेमून दिला जाईल. ही समज न देता घेतलेला जबाब गुन्हा शाबीत करण्यासाठी सरकारपक्षाला पुढे करता येत नाही. कोठडीतील माणूस एकटा व भेदरलेला असतो. म्हणून हे बंधन.

परंतु धोका समोरच उभा असेल तर? सप्टेंबर १९८० मधील गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्रीनंतर एका स्त्रीने पोलिसांना सांगितले की, आपल्यावर बलात्कार करणारा माणूस पिस्तूल घेऊन जवळच्या दुकानात शिरला आहे. तो सापडला. खांद्याला पिस्तूल ठेवण्याचे पाकीट होते, पण ते रिकामे! पोलिसाने बेड्या घालून विचारले, “पिस्तूल कोठे आहे?” रिकाम्या खोक्यांकडे खूण करून त्याने जागा सांगितली. भरलेले पिस्तूल तेथेच मिळाले. समज देण्यात आली ती त्यानंतर.

‘न्यूयॉर्क विरुद्ध क्वार्ल्स’ या नावाने हा खटला गाजला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले की, ते पिस्तूल एखाद्या गिऱ्हाइकाच्या किंवा साथीदाराच्या हाती पडले असते. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी विचारलेला हा प्रश्न समज देण्याआधीही चालेल आणि उत्तर पुराव्यात येईल. न्यायमूर्ती ओकॉनर यांचे मत निराळे पडले : पिस्तूल पुराव्यात घ्या, उत्तर नको. न्यायमूर्ती मार्शल यांनी तर विरोधच केला. जीव वाचविण्यासाठी पोलिसाने खुशाल विचारावे, त्याला कोणी अडविलेले नाही. मात्र ते उत्तर त्याच माणसाला शिक्षा देण्यासाठी वापरू नये, असे त्यांचे म्हणणे.

आमच्या मते खरी मेख येथेच आहे. विचारणे वेगळे आणि वापरणे वेगळे. “पिस्तूल कोठे आहे?” हा प्रश्न धोका टाळण्याचा, “ते कोठून आणलेस?” हा तपासाचा. क्वार्ल्सला हा दुसरा प्रश्न समज दिल्यानंतरच विचारला गेला. पण अपवादाची वाट एकदा मोकळी झाली की ती रुंद होऊ लागते. २०१३ साली बॉस्टनच्या बॉम्बस्फोटानंतर जखमी संशयिताची रुग्णालयात कित्येक तास विनासमज चौकशी झाली. अरबाच्या तंबूत शिरलेल्या उंटाची गोष्ट आपण मुलांना शिकवितोच!

आपल्याकडे रचना निराळी आहे. पोलिसांपुढील कबुलीजबाब मुळात पुरावाच नव्हे. मात्र त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर जबाबाचा तेवढा भाग ग्राह्य धरतात. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद २०२३ च्या नव्या कायद्यातही कायम आहे.

धोका असेतोवर अपवाद असावा. धोका सरताच नियमाने आपली जागा परत घ्यावी. निरपराध माणसावर संशय येतो, तेव्हा त्याच्याजवळ मौनावाचून दुसरे शस्त्र नसते.