धमनी म्हणजे खारपाणपट्ट्यातला पाइप नव्हे

अकोट, तेल्हारा, दर्यापूरकडच्या मुलांना खारपाणपट्टा काय ते सांगायला नको. तिथल्या बोअरच्या पाण्याने पाइपात क्षार साचतो आणि धार बारीक होत जाते. अँजिओप्लास्टी झाल्यावर अकोल्याचे माझे काकाही हेच म्हणत, "माह्या नळ्या चोक झाल्या होत्या बाप्पा! आता मोकळ्या झाल्या, गोळ्या कायले खाऊ?" आपल्याला, इंजिनिअरिंगवाल्यांना, ही उपमा चटकन पटते. पण ती अर्धीच खरी आहे.

कॉन्व्हेंटमुळे माझ्यासाठी जी 'आर्टरी', ती मराठीत धमनी. ती जिवंत असते. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण तिच्या आतल्या बाजूला नुसते चिकटत नाहीत, ते भिंतीत शिरतात. तिथे त्यांचे ऑक्सिडेशन होते, म्हणजे जुन्या तेलासारखे ते खवट होतात. मग मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी येतात, हे कण खात सुटतात, फुगतात आणि तिथेच मरतात. ढीग साचतो, भिंतीला दाह होतो आणि तो वर्षानुवर्षे धुमसत राहतो. एखाद्या दिवशी त्यावरचे आवरण फाटते, रक्ताची गुठळी होते आणि अटॅक येतो.

आता खरी गंमत. अँटिबॉडीज म्हणजे प्रतिपिंडे आजारानंतर किंवा लसीनंतर तयार होतात, असे आपण शिकलो. पण काही त्याआधीच हजर असतात. ए ग्रुपवाल्याने बी रक्त कधीच घेतलेले नसते, तरी त्याच्या रक्तात बीविरुद्ध प्रतिपिंडे असतात. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये जगापुढे आणलेल्या 'बॉम्बे ब्लड ग्रुप'च्या माणसाला ओ रक्तसुद्धा चालत नाही, ते अशाच नैसर्गिक प्रतिपिंडांमुळे.

यातलीच आयजीएम प्रकारची काही प्रतिपिंडे खवट एलडीएल ओळखतात. आईचे आयजीएम वारेतून बाळाकडे जात नाही, तरी नवजात बाळाच्या नाळेतल्या रक्तात ही प्रतिपिंडे सापडतात. म्हणजे ती बाळाची स्वतःची! ती खवट कणांना झाकतात, त्यामुळे मॅक्रोफेजचे खाणे कमी होते. मेलेल्या पेशी उचलायलाही ती मदत करतात.

न्यूमोनियाच्या एका जंतूवर खवट एलडीएलवरच्यासारखाच एक रेणू असतो. २००३ मध्ये उंदरांना त्या जंतूची लस दिली, तेव्हा ही प्रतिपिंडे वाढली आणि धमन्यांतले थर कमी झाले. माणसांसाठी मात्र हा अजून उपचार झालेला नाही. त्यामुळे 'नळ्या साफ करणाऱ्या' काढ्याच्या जाहिरातींना भुलू नका.

स्टेंट एका जागेची वाट मोकळी करतो; दाह इतर भिंतींतही असू शकतो. म्हणून गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, हे सुट्टीत घरी गेल्यावर नक्की सांगा. आणि होस्टेलच्या गच्चीवर सिगारेट ओढणाऱ्यांनो, भिंत आपलीच आहे. आतले सफाई कामगार जन्मापासून कामाला आहेत, त्यांचे काम निदान वाढवू तरी नका!