४ लाखात पोलो जीटी टीएसआय मिळतीये म्हणून लगेच टोकन देऊ नका, आधी हा हिशोब बघा

इन्स्टावर रील्स बघता बघता मध्येच एक लाल पोलो समोर येते. मागे जीटीचा बॅज, स्पीडोमीटरचा काटा झपाझप वर जाणारा व्हिडीओ आणि खाली कॅप्शन, "सेकंड ओनर, ६२ हजार रनिंग, शोरूम कंडिशन, ४ लाख फिक्स, टाइमपासवाल्यांनी कॉल करू नये." कमेंटमध्ये लगेच मित्रांना टॅग करणं सुरू होतं. कारण गणित सोपं वाटतं. ज्या पैशात नवी गाडी घ्यायची तर बेसिक मॉडेलवर भागवावं लागतं, त्याच पैशात टर्बो इंजिनची, हायवेवर पळणारी जर्मन ब्रँडची गाडी दारात येणार.

पण पळणारी गाडी सेकंड हँड घेताना हेच गणित चुकतं. कसं, ते या पोलोच्याच उदाहरणावरून बघू. कारण महाराष्ट्रात पहिली फास्ट गाडी म्हणून पोरं ज्या गाड्या शोधतात, त्यात ही वरच्या नंबरला आहे आणि ती बनायचीही आपल्याच चाकणला.

आधी गाडी काय आहे ते समजून घेऊ.

फोक्सवॅगनने २०१३ मध्ये भारतात पोलो जीटी टीएसआय आणली. १.२ लिटरचं ४ सिलेंडर टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस पॉवर, १७५ एनएम टॉर्क आणि ७ स्पीडचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. ० ते १०० किमीचा वेग ९.७ सेकंदात गाठते असा कंपनीचा दावा होता. त्या काळात छोट्या हॅचबॅकमध्ये असलं काही मिळतच नव्हतं. पुढे २०२० मध्ये बीएस ६ आलं आणि १.२ टीएसआय, डीएसजी ही जोडी बंद झाली. त्या जागी १.० लिटरचं ३ सिलेंडर टर्बो इंजिन आलं, ११० पीएसचं. २०२२ मध्ये तर भारतातली पोलोच बंद झाली. त्यामुळे आता पोलो पाहिजे तर सेकंड हँड हाच रस्ता आहे आणि विकणाऱ्यांना ते पक्कं माहिती आहे.

आता मुख्य मुद्दा. दहा वर्षांत गाडीची किंमत निम्म्यावर येते, पण तिच्या पार्टची किंमत काही निम्मी होत नाही.

तुम्ही गाडी ४ लाखाची घेतलेली असते, पण गिअरबॉक्सचं बिल येतं ते नव्या, महागड्या गाडीचं. साध्या हॅचबॅकमध्ये हा फरक फार जाणवत नाही, कारण तिथले पार्ट मुळात स्वस्त असतात आणि गल्लीतला मेकॅनिकही काम करून देतो. परफॉर्मन्स गाडीत टर्बो आला, डायरेक्ट इंजेक्शन आलं, ड्युअल क्लच गिअरबॉक्स आला. यातली एकही गोष्ट कोपऱ्यावरच्या गॅरेजात निस्तरता येत नाही.

त्यातही या गाडीत सगळा खेळ गिअरबॉक्सचा आहे.

डीएसजीमध्ये दोन क्लच असतात. एक क्लच १, ३, ५, ७ हे गिअर सांभाळतो, तर दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असताना तिसरा आधीच तयार असतो, म्हणून गिअर इतका पटकन बदलतो की धक्काही कळत नाही. या पोलोमधल्या गिअरबॉक्सचं नाव डीक्यू २००. यातले क्लच कोरडे आहेत, म्हणजे ते तेलात बुडालेले नसतात. २०१७ च्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसमध्ये ६ स्पीडचा डीएसजी होता, त्यातले क्लच तेलात असायचे आणि तेल उष्णता खेचून घ्यायचं. कोरड्या क्लचला ती सोय नाही. हायवेला काही अडचण येत नाही, पण संध्याकाळी सहा वाजता हिंजवडीतून बाहेर पडताना गाडी तासभर इंच इंच सरकत असेल, तर क्लच अर्धवट लागतो, सुटतो, पुन्हा लागतो आणि तापत राहतो.

दुसरी भानगड मेकॅट्रॉनिक्सची. हा गिअरबॉक्सचा मेंदू आणि हात दोन्ही. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल आणि तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा एकाच युनिटमध्ये असते. यात दाब टिकला नाही किंवा सर्किट गेलं की डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर ब्लिंक व्हायला लागतं, कधी गाडीला फक्त सम नाहीतर फक्त विषमच गिअर मिळतात आणि कधी गाडी जागेवरच थांबते. हे काही एखाद्या नाराज ग्राहकाचं रडगाणं नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये फोक्सवॅगनने याच ७ स्पीड गिअरबॉक्ससाठी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. उष्ण आणि दमट हवामानात, गाडी सतत ट्रॅफिकमध्ये चालली तर गिअरबॉक्समधल्या सिंथेटिक तेलामुळे इलेक्ट्रिकल बिघाड होऊ शकतो, म्हणून ते काढून मिनरल तेल भरायचं होतं. उष्ण, दमट, ट्रॅफिक. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

म्हणून २०१३ च्या आसपासची गाडी असेल तर चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि कोणता रिकॉल बाकी आहे का ते विचारा.

मेकॅट्रॉनिक्स युनिट बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या वर जाऊ शकतो. क्लच पॅक वेगळा. काही ठिकाणी युनिट उघडून रिपेअरही करतात, ते स्वस्त पडतं, पण काम किती टिकेल हे करणाऱ्याच्या हातावर. थोडक्यात गाडी ४ लाखाची असेल तर बँकेत आणखी दीड लाख बाजूला पाहिजेत. ते नसतील तर ४ लाखाची ही गाडी तुमच्या बजेटमध्ये नाही. अडीच लाखाची असती तर असती. ऐकायला कडू आहे, पण अशा गाड्या वर्षभरात पुन्हा जाहिरातीत दिसतात त्याचं एक कारण हेच असतं.

मग गाडी बघायला गेल्यावर काय बघायचं?

पहिली गोष्ट, जायच्या आधीच सांगायचं की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बोनेटला हात लावायचा. गरम असेल तर समजून जायचं की कोल्ड स्टार्टचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नाहीये. थंड इंजिन सुरू होताना धातूचा खडखडाट, निळा धूर, हलणारं आयडलिंग, हे सगळं पहिल्या मिनिटातच दिसतं.

मग टेस्ट ड्राइव्ह. विकणारा तुम्हाला मोकळ्या रस्त्यावर नेणार आणि एकदा दाबायला सांगणार. दाबली की गाडी पळते, तुम्ही हसता, सौदा अर्धा झालेला असतो. पण डीएसजीची तब्येत वेगात कळतच नाही, ती कळते रांगताना. किमान २० ते २५ मिनिटं गर्दीत चालवा. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गाडी थरथरते का ते बघा. चढावर गाडी उभी करून हळूच रिव्हर्स घ्या. क्लच झिजलेला असेल तर इथे सगळी गाडी कापते. मग मॅन्युअल मोडमध्ये चौथ्या गिअरला कमी आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम वर गेला पण वेग त्या मानाने वाढला नाही, म्हणजे क्लच स्लिप होतोय.

एवढं करूनही एक चोरी लपते. गाडी दाखवण्याआधी स्कॅनर लावून सगळे एरर कोड पुसून टाकायची. तेव्हा डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो. पण गाडीचा कॉम्प्युटर हेही लक्षात ठेवतो की कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. ब्लूटूथवाला साधा ओबीडी डोंगल काही शे रुपयांत मिळतो, मोबाइलला जोडला की बऱ्याचदा हा आकडा दिसतो. तो १२ किलोमीटर निघाला तर विचारा, साहेब, काल काय पुसलं? अर्थात डोंगल गिअरबॉक्सच्या आतलं सगळं सांगत नाही. त्यासाठी फोक्सवॅगनचं काम करणाऱ्या चांगल्या गॅरेजात पूर्ण स्कॅन करून घ्यायचा. खर्च तुम्ही करायचा. विकणारा स्कॅनला नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आता रिमॅप. यावर जरा थांबू, कारण जीटीच्या बाबतीत हाच प्रश्न सगळ्यात जास्त लपवला जातो.

रिमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब वाढवायचा. इंजिन तेच, पार्ट तेच, पॉवर जास्त. या गाडीला टर्बो असल्यामुळे ते सहज होतं आणि हौशी पोरं करतातही. करणं हा गुन्हा असल्यासारखं बघायची गरज नाही. नीट ट्युनरकडून केलेली, वेळेवर ऑइल बदललेली रिमॅप गाडी वर्षानुवर्षं चाललेली आहे. पण डीक्यू २०० झेपवतो २५० एनएमपर्यंतचा टॉर्क. मूळ १७५ आणि ही मर्यादा यांच्यात जी गादी होती ती रिमॅपने पातळ होते आणि झीज कोरड्या क्लचच्या अंगावर येते. विकताना सॉफ्टवेअर परत स्टॉक करतात, मोठा एअर फिल्टर काढून जुना बॉक्स बसवतात आणि "कधी हातच लावला नाही" म्हणून सांगतात.

खुणा मात्र राहतात. दहा वर्षं जुन्या इंजिनात एअर फिल्टरचा बॉक्सच तेवढा नवा कोरा का? एक्झॉस्टचे नट चकचकीत का? आणि सगळ्यात सोपा उपाय तर तुमच्या हातातच आहे. परफॉर्मन्स गाडीचा मालक गप्प बसत नाही. त्याचं प्रोफाइल, गाडीचा नंबर, जुन्या रील्स, कार ग्रुपचे टॅग केलेले फोटो शोधा. लोणावळ्याच्या संडे ड्राइव्हचा व्हिडीओ सापडला तर काही वाईट नाही. रिमॅपच्या गॅरेजमध्ये डायनोवर चढलेली गाडी सापडली आणि तोंडावर मात्र "स्टॉक आहे" म्हणत असेल, तर बाकीच्या गोष्टीही त्याने खऱ्या सांगितल्यात का याचा विचार करा.

मॉडिफिकेशनची कायदेशीर बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच अधोरेखित केलं. अपघातानंतर सर्व्हेयरला बदल दिसले तर क्लेमचं भांडण तुमच्या गळ्यात पडतं, बदल कुणी का केलेले असेनात.

टायरकडेही बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. चार चाकांना चार ब्रँडचे टायर असतील तर मालक टायरवर पैसे वाचवत होता, मग ऑइलवरही वाचवले असणार. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी होती. २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि २०२१ ला चिपळूण, इतक्या गाड्या बुडाल्या त्या सगळ्या भंगारात गेल्या असं समजू नका.

मग घ्यायची का नाही?

गाडी रोज ऑफिसला न्यायची असेल, रस्ता ट्रॅफिकचा असेल आणि घरात दुसरी गाडी नसेल, तर १.२ डीएसजी घेऊ नका. त्यापेक्षा थोडे पैसे वाढवून २०२० नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल बघा. ॲटोमॅटिकच पाहिजे तर तिच्यासोबत येणारा ६ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्स आहे. तो डीएसजीइतका झटपट नाही, पण ट्रॅफिकमध्ये निवांत चालतो. ती गाडी निर्दोष आहे असंही नाही, ईपीसीचा दिवा लागण्याच्या तक्रारी तिच्याही मालकांनी केल्यात. पण बिल आलंच तर झोप उडवणारं येण्याची शक्यता कमी.

१.२ डीएसजी कुणी घ्यावी? ज्याच्याकडे रोजची वेगळी गाडी आहे, बाजूला पैसे आहेत आणि ज्याला अशी गाडी सापडलीये जिच्या मेकॅट्रॉनिक्सचं किंवा क्लचचं काम आधीच्या मालकाने बिलासकट केलंय. लोक काम झालेल्या गाडीला घाबरतात आणि "अजून काहीच निघालं नाही" म्हणणाऱ्या गाडीकडे धावतात. इथे उलटं करा. बिल असलेली गाडी ५० हजाराने महाग असली तरी तीच स्वस्त आहे.

कागदांचं काम तसं थोडक्यात होतं. वाहनच्या पोर्टलवर किंवा एमपरिवहनवर नंबर टाकून ओनर कितवा, हायपोथिकेशन आहे का, इन्शुरन्स कधीपर्यंत हे बघा, ई-चलान किती थकलेत तेही बघा. लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, पण तिला दुसऱ्या राज्याची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा टॅक्स वेगळा भरावा लागतो. शिवाय २०१३ ची गाडी २०२८ मध्ये १५ वर्षांची होणार, म्हणजे फिटनेस, रजिस्ट्रेशन रिन्यू करणं आणि पर्यावरण कर लगेच समोर येणार.

आणि इन्शुरन्स. ट्रान्सफर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी तुमच्या नावावर करून घ्यायला अर्ज द्यावा लागतो. थर्ड पार्टी कव्हर गाडीसोबत येतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून द्यायची वेळ आली आणि पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर असेल, तर कंपनी हात वर करू शकते. विकणारा म्हणेल की प्रीमियम फार नाही, मी एवढाच भरतो. तो भरत असलेला आकडा त्याच्या नो क्लेम बोनसमुळे कमी असतो, जो ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि गाडी विकली तरी त्याच्याकडेच राहतो. तुमच्या नावाने किती पडेल, ते कोटेशन टोकन द्यायच्या आधीच काढून घ्या.