वीतभर पुतळा लँडमार्क होऊ शकतो का?

घोरावाडी स्टेशनवर पहिल्यांदा उतरणाऱ्या मित्राला घरचा रस्ता फोनवर सांगून बघा. पुण्याहून येताना बेगडेवाडीनंतर आणि तळेगावच्या आधी उतर, एवढं सांगितलं की स्टेशनपर्यंतचं काम झालं. खरी गंमत त्यापुढे आहे. आपण उत्तर-दक्षिण किंवा मीटर सांगत नाही. पाण्याची टाकी, देऊळ, वड, किराणा दुकान सांगतो. अशा खुणांना संशोधनात लँडमार्क म्हणतात. विषय सोपा वाटतो, म्हणून सिनॉप्सिस लिहिताना बरेच जण इथेच घसरतात. (मीही घसरलो होतो.)

घसरण कुठे होते ते एका मजेशीर उदाहरणातून बघू. पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात रस्तोरस्ती कांस्याचे बुटके उभे आहेत. बहुतेकांची उंची 20 ते 30 सेंटिमीटर, म्हणजे वीतभर किंवा थोडी जास्त. 1980च्या दशकात तिथे 'ऑरेंज अल्टरनेटिव्ह' नावाची चळवळ होती. सरकारविरोधी घोषणांवर रंग फासला जायचा आणि ही मंडळी नेमक्या त्या डागांवर बुटके रंगवायची. त्या चळवळीची आठवण म्हणून 2001 मध्ये पहिला कांस्य-बुटका बसला. 2005 मध्ये शिल्पकार तोमाश मोचेक यांचे छोटे बुटके आले, आणि आज ही संख्या शेकड्यांत आहे.

"हे बुटके शहराचे लँडमार्क आहेत" असं अगदी सहज लिहिलं जातं. पण हे वाक्य तपासायचं कसं?

केव्हिन लिंच यांनी 1960च्या 'द इमेज ऑफ द सिटी' या पुस्तकात शहराच्या मनातल्या नकाशाचे पाच घटक मांडले. त्यांतला एक लँडमार्क. त्यांच्या मते लँडमार्कचा मुख्य गुण म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळं, एकमेव असणं. उंची ही वेगळं दिसण्याची फक्त एक रीत झाली. पुढे 2002 मध्ये राउबाल आणि विंटर यांनी याचे मोजता येतील असे तीन भाग केले: दिसणं, अर्थ आणि जागा. वस्तू नजरेत भरते का, तिला काही गोष्ट किंवा इतिहास आहे का, आणि ती वळण घ्यायच्या ठिकाणी आहे का.

आता बुटक्यांना हे लावून बघा. अर्थ भरपूर आहे. पण लांबून दिसत नाहीत, आणि शेकडो असल्यामुळे "बुटक्यापाशी डावीकडे वळ" याला काही अर्थ उरत नाही. उलट पर्यटक हातात नकाशा घेऊन बुटके शोधत फिरतात. ज्याला शोधायला नकाशा लागतो, तो दुसऱ्याला रस्ता काय दाखवणार? माझ्या मते हे बुटके शहराचं प्रतीक आहेत. रस्त्याची खूण म्हणून फार तर त्या गल्लीतल्या रहिवाशाला उपयोगी. 'प्रसिद्ध' आणि 'खूण' या दोन गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या की प्रश्नावली तिथेच बिघडते.

आपल्याकडची दोन उदाहरणं घ्या. पुण्यात सिंबायोसिसमध्ये आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' 2001 पासून उभा आहे. व्यंगचित्रात कोपऱ्यात गप्प उभा राहणारा माणूस इथे 10 फुटी कांस्यात! 2015 मध्ये लक्ष्मण गेले तेव्हा अंत्यदर्शनासाठी त्यांचं पार्थिव याच पुतळ्याजवळ ठेवलं होतं. अर्थाच्या बाबतीत याहून भक्कम उदाहरण शोधावं लागेल. पण पुतळा संस्थेच्या आवारात आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला तो वळण सांगतो का, हा वेगळा प्रश्न, आणि तो विचारल्याशिवाय कळणार नाही.

दुसरं मुंबईचं, आणि मला जास्त आवडणारं. काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा. 1965 मध्ये तो तिथून हलवला, पुढे भायखळ्याच्या राणीबागेत गेला. घोडा नाही, घोडेस्वार नाही, तरी लोक पन्नासेक वर्षं "काळा घोड्याला उतर" म्हणतच राहिले. 2017 मध्ये तिथे नवा घोडा आला, स्वार नसलेला. म्हणजे दिसणं शून्यावर आलं तरी नाव आणि जागा मिळून खूण चालू राहिली. तळेगावचा लिंब फाटा म्हणताना तरी किती जण झाडाकडे बघतात?

हे तपासायला मोठं फंडिंग लागत नाही. लिंच यांनी बॉस्टनमध्ये साधारण 30 आणि जर्सी सिटी व लॉस एंजेलिसमध्ये 15-15 जणांशी बोलून, त्यांच्याकडून नकाशे काढून घेऊन काम केलं. सॅम्पल लहान होतं, त्यावर टीकाही झाली, आणि व्हायवाला तुम्हालाही हेच विचारतील. तरी पायलट म्हणून घोरावाडी स्टेशन ते लेणी हा रस्ता वीस जणांना विचारा. "इथले लँडमार्क कोणते?" असं मात्र विचारू नका, लोक पाठ केलेली प्रेक्षणीय स्थळं सांगतील. "नवख्या माणसाला रस्ता सांगा" एवढंच म्हणा आणि रेकॉर्ड करा. मग प्रत्येक खूण वळणावर आली की मधेच, आणि ती वस्तू आज तिथे आहे का, असे दोन रकाने भरा. दुसऱ्या रकान्यात 'नाही' किती वेळा येतं, ते आधी मोजा.